नाल, रस्ता आणि आपली मिरवणूक



गेल्या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीत बाप्पांच्या रथापुढे चालणारा पांढरा घोडा वळणावर घसरला, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले. मावळ्याच्या वेशात वर बसलेला, आपल्याच एका सभासदाचा आठवीतला मुलगा घोड्याच्या मानेला घट्ट मिठी मारून राहिला म्हणून थोडक्यात निभावले. ढोल थांबले, लेझीम थांबली. घोडा उठला खरा, पण पुढचा उजवा पाय त्याला टेकवेना. घोडा ठरवण्याचे काम माझ्याकडे होते. मी त्याची आयाळ पाहिली, झूल पाहिली, स्वभावाने गरीब आहे ना हेही विचारून घेतले. पाय उचलून खूर मात्र पाहिला नाही. रुळाखालची प्रत्येक वस्तू वाकून पाहण्यात ज्याची वीस वर्षे गेली, त्या माणसाची ही चूक.

यंदा संपादक मंडळाने "आपल्या इतिहासावर काहीतरी लिहा" असा निरोप पाठवला, तेव्हा मी म्हटले, नालेबद्दलच लिहितो. घोडा पडल्यापासून मी त्याच विषयाच्या मागे आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. मिरजेकडचा मुलगा, डिप्लोमा करून रेल्वेच्या पर्मनंट वे विभागात लागलो आणि बदलीने या शहरात येऊन इथलाच झालो. त्यामुळे जाणकारांनी चूकभूल द्यावी घ्यावी.

बेंगळुरूशी आपले नाते सांगताना आपण शहाजीराजांपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. 1638 मध्ये रणदुल्लाखानाबरोबरच्या आदिलशाही मोहिमेत केंपेगौडांकडून हे ठाणे घेतले गेले आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचे मुख्य ठिकाण झाले. पण राजांचा शेवट कसा झाला, हे आपल्या भाषणांतून फारसे येत नाही. जानेवारी 1664 मध्ये, आजच्या दावणगेरे जिल्ह्यात चन्नगिरीजवळ होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्याचा पाय अडकला, घोडा पडला आणि राजे गेले. त्यांची समाधी तिथेच आहे. इतक्या लढाया अंगावर घेतलेला माणूस, आणि निमित्त झाले ते घोड्याच्या एका पायाचे! गेल्या वर्षी त्या मुलाला घोड्यावरून उतरवून घेताना माझ्या मनात नेमके हेच आले होते.

घोड्याच्या पायाची किंमत त्या काळच्या लोकांना ठाऊक होती. जिंजीला राजाराम महाराजांच्या पदरी असताना कृष्णाजी अनंत सभासदाने शिवछत्रपतींची जी बखर लिहिली, तीत पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, हे आपण शाळेत शिकलो. त्याच्याच शेजारी आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र कोणी शिकवली नाही. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद! म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टी महाराजांनी एकाच तोलाच्या मानल्या होत्या. बारगिराचा घोडा सरकारी, त्यामुळे त्याचा नालबंदही सरकारी. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येई. पेशवाईत अशा शिलेदाराला मोहिमेवर निघण्यापूर्वी घोड्यामागे जी आगाऊ रक्कम मिळे, तिचे नावच 'नालबंदी'. त्या पैशांतून शिलेदार काय काय भागवत असेल ते असो, पण हिशेबात नाव लागले ते नालेचे.

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या स्वाऱ्या हैदराविरुद्ध याच मुलखात झाल्या. शिरे, मधुगिरी, होसकोटे, कोलार, निजगल ही नावे आपण आज बसच्या पाट्यांवर वाचतो. पुण्याहून इथे यायला आजच्या रस्त्याने सुमारे 840 किलोमीटर पडतात. फौजेची चाल दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर धरली तर एक महिना लागतो. कठीण जमिनीवर लोखंडी नाल महिना-दीड महिन्यात झिजतो, आणि झिजला नाही तरी खूर वाढल्यामुळे तो काढून पुन्हा बसवावा लागतोच. समजा दहा हजार घोडे आहेत. चाळीस हजार नाल झाले. प्रत्येकाला कमीत कमी सहा खिळे धरले तर दोन लाख चाळीस हजार खिळे. लहान चणीच्या दख्खनी घोड्याचा नाल पाव किलोचा धरला तरी दहा टन लोखंड, आणि तेही फक्त एका खेपेला. सभासदाचे प्रमाण पेशवाईला लावले तर चारशे नालबंद, प्रत्येकाच्या वाट्याला शंभर पाय. हा हिशोब माझा आहे, दप्तरातला नव्हे. पण एवढे लोखंड, एवढी माणसे आणि एवढे ऐरण-हातोडे फौजेबरोबर चालत आल्याशिवाय एकही स्वार होसकोट्याच्या किल्ल्यापर्यंत पोहोचला नसता, हे सांगायला दप्तर लागत नाही. (आमच्याकडे एखादी गाडी वेळेवर सुटली की टाळ्या लोको पायलटला मिळतात. रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन रूळ तपासणारा गँगमन कोणाला दिसत नाही. असो.)

आता मूळ प्रश्नाकडे येतो. घोड्याला नाल कशासाठी मारायचा? मी स्वतः "पायाला दणका बसू नये म्हणून" असेच समजत होतो. ते चूक आहे. लोखंडी नाल दणका कमी करत नाही, उलट वाढवतो. नालेचे खरे काम खूर झिजू न देणे. शिवकाळात आणि पेशवाईत घोडा ज्या वाटांनी चालला त्या मातीच्या, मुरमाच्या, काळ्या रानाच्या होत्या. घाटात आणि खडकाळ माळावर दगड लागे, पण मैलोगणती एकसारखा टणक पृष्ठभाग कुठेच नव्हता. दणका झेलायला जमीन होती, झीज झेलायला नाल होता. वाटणी चोख होती. पुढे खडीचे रस्ते आले, मग डांबर आले आणि आता आपल्या शहरात व्हाइट टॉपिंगचे काँक्रीट आले. जमिनीने आपले काम सोडून दिले आणि ते सगळे घोड्याच्या पायावर येऊन पडले.

खुराची रचना पाहिली तेव्हा मी थक्क झालो. तळाला मधोमध एक त्रिकोणी, रबरासारखा मऊ भाग असतो आणि त्याच्यावर आत एक जाड गादी असते. पाय टेकला की खुराची मागची बाजू किंचित फाकते, पाय उचलला की पुन्हा जवळ येते. दणका असा जिरतो. आपल्याकडे काँक्रीटच्या स्लीपरवर रूळ थेट ठेवत नाहीत. मध्ये साधारण सहा मिलिमीटरचे खाचा असलेले रबर घालतात, त्याला आम्ही जीआर पॅड म्हणतो. स्लीपरखाली पुन्हा पंचवीस-तीस सेंटीमीटर खडी, तीही एक गादीच. रबर झिजले की स्लीपरची बैठक खराब होते, क्लिपा सैल पडतात, आणि तक्रार येते ती मात्र "गाडी फार हादरते" अशी. घोड्याच्या पायात निसर्गाने पॅड आणि खडी दोन्ही आधीच बसवून ठेवले आहे. वर उभा असताना घोड्याचे सुमारे साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असते, म्हणून पुढचे पाय आधी बिघडतात. आपला घोडाही पुढच्याच पायाने लंगडला.

म्हणूनच चांगला नालबंद सगळे खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागात मारतो आणि मागची बाजू मोकळी ठेवतो. लांब जोडलेल्या रुळांच्या टोकाला आम्ही एक्स्पान्शन जॉइंट ठेवतो, तसेच हे. मागे एक खिळा जास्त मारला तर नाल पक्का बसतो आणि पाय जातो.

टणक रस्त्याचा हा प्रश्न जगात इतरांनाही पडला होता. जपानात जुन्या काळी घोड्यांच्या पायात पेंढ्याच्या विणलेल्या वहाणा बांधत. त्या लवकर फाटत, पण पेंढा वाटेत कुठेही मिळे. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रस्ते गुळगुळीत डांबराचे झाले आणि गाडीचे घोडे घसरून पडू लागले, तेव्हा नालेबरोबर रबराचे पॅड बसवू लागले. आपल्या मुंबईत 1874 साली ट्रॅम सुरू झाली तीही घोड्यांचीच होती. आणि या शहरात 1864 साली कँटोन्मेंट ते जोलारपेट अशी रेल्वे सुरू झाली, पण स्टेशनाबाहेर पडलेल्या उतारूला पेठेत जायला जटकाच लागे. रेल्वेने घोडा हटवला असे आपण म्हणतो. निदान शे-दीडशे मीटर अलीकडे तरी त्याला कामाला लावले होते!

बेंगळुरूच्या घोड्यांची गोष्ट निघाली की जे. सी. नगर भागातल्या स्मारकाजवळ एकदा थांबायला हवे. ते म्हैसूर लान्सर्सचे. म्हैसूर संस्थानच्या जुन्या 'सिल्लेदार' घोडदळातून 1892 साली हे पथक उभे राहिले (शब्द ओळखीचा वाटला ना?). 23 सप्टेंबर 1918 रोजी हैफा शहर जोधपूर आणि म्हैसूरच्या स्वारांनी घेतले. त्या दिवशी आठ माणसे कामी आली, आणि घोडे साठ. हा दुसरा आकडा आपण क्वचितच उच्चारतो. त्यांच्या घोडदळ डिव्हिजनने 19 सप्टेंबर ते 26 ऑक्टोबर या काळात सुमारे नऊशे किलोमीटर मजल मारून अलेप्पो गाठले. म्हणजे जवळजवळ पुणे-बेंगळुरू, आणि तेही लढत लढत. त्या काळच्या ब्रिटिश पद्धतीच्या घोडदळात स्वाराजवळ कातडी पिशवीत जादा नाल आणि खिळे असत. सभासदाचा पंचवीस घोड्यांमागचा नालबंद इथे थेट खोगिराला येऊन लटकला होता.

पण टणक रस्त्यावर घोड्याने लांबचा पल्ला कसा मारायचा, याचे आजचे खरे उदाहरण फार दूर नाही. ते आपल्याच कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात चिकोडी तालुक्यातील अंकली गावी आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात दिले, आणि त्यांना घोडे व लवाजमा पुरवला तो अंकलीच्या शितोळे सरकारांनी. आजही माउलींचा अश्व आणि जरीपटक्याच्या स्वाराचा अश्व असे दोन घोडे अंकलीहून निघतात आणि दहा-अकरा दिवसांत सुमारे तीनशे किलोमीटर चालून आळंदीला पोहोचतात. तिथून पालखीबरोबर आणखी अडीचशे किलोमीटर, पंढरपूरपर्यंत. लहानपणी मिरजेला ते घोडे येत तेव्हा आम्ही शाळा सोडून रस्त्याच्या कडेला उभे राहत असू. डांबरी रस्त्यावरचा तो टाप टाप आवाज अजून कानात आहे. तेव्हा तो गोड वाटे. आता कळते की प्रत्येक 'टाप' म्हणजे सांध्यापर्यंत गेलेला एक धक्का आहे.

या घोड्यांची अडचण बघा. रोजची वाट डांबराची, आणि रिंगण मोकळ्या रानात, मातीत. डांबरावर घसरू नये म्हणून नालेला फार दातेरी केले तर धावताना मातीत पाय अडकणार. गुळगुळीत ठेवले तर पावसात रस्त्यावर घसरणार. आणि महिना पाऊण महिना एका नालेवर निभावायचे. या सर्वांतून वाट निघते ती चालीमुळे. माणसांच्या पावलांनी चालायचे, दौड फक्त रिंगणात, मातीवर. टणक रस्त्यावर घोड्याला चालवले तर पाय पुष्कळ सोसतो, दुडकीने पळवले की दणका एकदम वाढतो. म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर काही अंशी वारकऱ्यांच्या पावलांतच आहे! माथेरानला याची दुसरी बाजू दिसली. तिथे लाल मातीच्या वाटांवर मातीचे भाजलेले पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा घोडे घसरतात अशी अश्वपालांची तक्रार झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2025 साली दस्तुरी नाक्यापासून शिवाजी पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यापुरतेच ब्लॉक मान्य झाले, आतल्या वाटांवर नाहीत. नेरळहून छोट्या रुळांची गाडी 1907 पासून वर जाते, त्या गावात शेवटी भांडण झाले ते खुराखाली काय असावे यावरून.

शिवाजीनगरच्या बाजूला एक वयस्कर नालबंद आहेत. आजोबांपासून जटक्याच्या घोड्यांचे काम. घोडा पडल्यानंतर चौथ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. बाजारात मिळणाऱ्या नव्या प्रकारांची यादीच करून नेली होती. त्यांनी यादीकडे पाहिलेही नाही. म्हणाले, "साब, नाल घोडे कू देख के नहीं, रास्ते कू देख के ठोकना." मग घसरलेल्या घोड्याचा नाल दाखवला. गुळगुळीत, आरशासारखा. "ये शादी का घोडा. मंडप की मॅट पे चलता. तुम सिमेंट पे लाए." मी गप्प बसलो. चूक घोड्याची नव्हती, नालेचीही नव्हती. रस्ता बदलला होता आणि मी सांगितलेच नव्हते.

मग मात्र ते यादीतल्या एकेका प्रकारावर बोलले. ॲल्युमिनियमचा नाल हलका, रेसच्या घोड्याला उत्तम, पण डांबरावर लवकर झिजतो. प्लॅस्टिकचा, म्हणजे पॉलियुरेथेनचा, आत धातूची पट्टी असलेला नाल धक्का आणि कंप चांगला शोषतो आणि लांब पल्ल्याच्या सवारीला परदेशात तो वापरतात, पण महाग आहे आणि खुराच्या मापाचाच हवा. बूट मिळतात, पट्ट्याने बांधायचे. खूर मोकळा राहतो, घरी आल्यावर काढून ठेवता येतो, पण माप जरा चुकले की घासून जखम होते. नाल आणि खूर यांच्यामध्ये कातड्याचे किंवा रबराचे पॅड घालता येते. हे ऐकून मला अर्थातच घरी आल्यासारखे वाटले. पण पॅडखाली ओल आणि घाण अडकते, खूर सडू शकतो, म्हणून ते कायमचे ठेवायचे नाही. घसरू नये म्हणून नालेला कठीण धातूचे छोटे दाणे लावतात. तेही बेताने, कारण पाय अगदीच घट्ट रोवला गेला तर पूर्वी घसरण्यात जाणारा झटका सांध्यात जातो. थोडेसे घसरणे ही घोड्याची गरज आहे, हे मला नवीन होते.

आणि हे सगळे करून खूर वेडावाकडा कापलेला असेल तर काही उपयोग नाही, असे त्यांनी दोनदा सांगितले. खूर दर महिन्याला आठ-दहा मिलिमीटर वाढतो. दीड महिन्याने तो तासला नाही तर टाच खाली दबते आणि पुढचा भाग लांबतो. मग कितीही महाग नाल मारा, वजन चुकीच्या जागीच पडते. आमच्याकडे लेव्हल बिघडलेल्या रुळाखाली नवे पॅड घालून गाडी सुधारत नाही, तसेच हे.

जून महिन्याच्या सभेत त्या मुलाच्या आईने सरळ सांगितले, "घोडा नकोच." काहींना ते आवडले नाही. परंपरा वगैरे शब्द निघाले. मला त्यांचे म्हणणे पटले, पण अर्धे. तीनशे किलोमीटर चालून येणाऱ्या माउलींच्या अश्वावर कोणीच बसत नाही. तो मोकळाच चालतो आणि त्याचा मान तसूभरही कमी होत नाही. तेव्हा मी सुचवले की घोडा येईल, पण त्याच्यावर कोणी बसणार नाही. झूल हलकी असेल. काँक्रीटचा नवा तुकडा आणि ते वळण टाळून शेजारच्या जुन्या रस्त्याने जायचे. फटाके घोड्याजवळ नाहीत. पुढच्या दोन पायांना त्या दिवसापुरते रबरी पॅड, नालेला दोन-दोन दाणे, आणि हे काम मिरवणुकीच्या आठवडाभर आधी, म्हणजे घोड्याला सवय होईल. दुसऱ्या दिवशी पॅड काढायचे. मालकानेही हे मान्य केले. घोडा तोच आहे. पाय बरा झाला आहे, मी स्वतः उचलून पाहिला.

शिवाजीनगरचे चाचा हातोडा आणि खिळ्यांची पिशवी घेऊन शेवटपर्यंत आपल्याबरोबर चालणार आहेत. महाराजांकडे पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद होता, आपल्याकडे एका घोड्यामागे एक. त्यांची मजुरी, पॅड, दाणे आणि येण्याजाण्याचे भाडे मिळून जो खर्च झाला तो सभेने मंजूर केला. वहीत तो कोणत्या नावाखाली लिहू, असे कोषाध्यक्षांनी विचारले. 'नालबंदी' असे लिहा म्हणून मी सांगितले.